गव्हर्नर आबांचा आजचा कार्यक्रम

खुर्ची मोकळी हुती. वॉकर खुर्चीला टेकून तसाच उभा, चष्म्याची डबी स्टुलावर, आन् आबा न्हाईत. मी गॅसची टाकी घ्यायला मागच्या दाराला गेल्ते, टाकीवाल्याला म्हनलं जरा आत आनून लावून दे, तेवढाच येळ. परत आले तर खुर्ची मोकळी. वाटलं संडासला गेले आसतील, तिथं न्हाईत. खाटंवर न्हाईत. देवघरात तर ते कवाच जात न्हाईत, तरी बघितलं. मग माझं ध्यान खुंटीकडं गेलं, त्यांचा काळा बंद गळ्याचा कोट न्हाई. आन् खाली बघितलं तर उंबऱ्यापाशी माझ्या ईश्वरीच्या चपला न्हाईत.

पोरगी माझी साडेतीन वर्साची आन् आबा शहाऐंशीचे. एकाला वॉकरबिगर नीट चालता येत न्हाई आन् एकीला रस्ता कळत न्हाई. घरापासून खाली उतरलं का प्रवरेचा घाट, वर चढलं का नगर-मनमाड रोड. खाली पानी, वर ट्रक. मी फाटकात उभी आन् मला कळंना खाली पळू का वर पळू.

जरा थांबते हितं, आबा कोन ते सांगते, न्हाईतर तुमास्नी कळायचं न्हाई मी येवढी का भ्याले.

आबा म्हंजी आमच्या कोल्हारचे गव्हर्नर. जन्म त्यांचा तिकडं जामखेडकडचा, पन काकी, म्हंजी त्यांच्या बायको, कोल्हारच्या, म्हनून घर हितं बांधलं. आधी ते मातीचे प्रोफेसर हुते, मग एका विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आन् मग लांब तिकडं डोंगरातल्या एका राज्याचे राज्यपाल. आता काकी न्हाईत, आन् आबांना सकाळचं दुपारी आठवत न्हाई. मी त्यांना सांभाळते. आंघोळ घालते, गोळ्या देते, जेऊ घालते. पुन्याकडं ह्याला केअरटेकर म्हनत्यात, गावात 'आबांची बाई' म्हनत्यात.

दिवाळी अंकाचे सर आल्ते, आबांच्या आठवनी घ्यायला. आबा त्यांच्याशी छान बोलले, चहा पाजला, आन् शेवटी इचारलं, "आपण कोणत्या खात्याचे सचिव?" सर जाताना मला म्हनले, मग तूच लिही तुझ्या कामाचं. मी आठवीपतूर शिकले. म्हनलं, जसं बोलते तसंच लिहिन. म्हनले, तसंच पायजे.

तर हे काम. लोकांना वाटतं म्हाताऱ्या मानसाला सांभाळायचं म्हंजी काय, नुसतं बसून ऱ्हायचं. तसं न्हाई. मानूस उठवायचा तर हाताला धरून वढायचं न्हाई, खांदा निखळतो, काखंत हात घालून आपल्या गुडघ्याचा जोर लावायचा. आंघोळीचं पानी आधी पायावर वतायचं, डोक्यावर न्हाई, न्हाईतर मानूस दचकतो आन् तुमच्याच अंगावर येतो. गोळी पान्यासंगं दिली तर आबा ती गालात धरून ठेवत्यात आन् कुंडीत थुकत्यात, म्हनून गुळाच्या खड्यात दाबून द्यायची. हे मला नगरच्या एका आयाबाईंनी शिकवलं. पन आबांचं जे खरं काम हाय ते कुनी शिकवलं न्हाई.

पयल्या आठवड्यात ते माझं काईच ऐकायचे न्हाईत. उठले का कोट घालायचे आन् फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे, गाडीची वाट बघत. आंघोळ न्हाई, नाष्टा न्हाई. "आबा, चला की आत," म्हनलं का, "गाडी अजून लागली नाही?" दुपारपतूर उनात तसेच. मी रडकुंडीला आले आन् ताईंना फोन केला. ताई म्हंजी मीनाताई, त्यांची एकुलती लेक, पुन्यात कॉलेजात शिकवत्यात. ताई म्हनल्या, "अगं सुवर्णा, त्यांना रोज सकाळी कार्यक्रम ऐकायची सवय होती. राजभवनात एडीसी यायचा ना."

एडीसी म्हंजी लष्करातला तरना अधिकारी, कडक इस्त्रीतला, तो सारखा राज्यपालाच्या मागं. सकाळी यून सलाम ठोकायचा आन् दिवसभराचं वाचून दाखवायचा, आता कोन भेटायला येनार, मग कुठं जायचं. राज्यपालानं आपल्या मनानं कुठं जायचं नसतं म्हनं.

दुसऱ्या दिवशी मी ओढनी नीट केली, त्यांच्यापुढं ताठ उभी ऱ्हायले आन् म्हनलं, "साहेब, आजचा कार्यक्रम." आबांनी मान वर केली. "नऊला आंघोळ. मग उपमा. मग कर्दळीच्या वाफ्याची पाहनी. अकराला पेपर."

आबा म्हनले, "ठीक आहे. चला." आन् उठले की, आपले आपन.

तवापासून मी रोज कार्यक्रम सांगते. काई नसलं तरी काढते. शेजारच्या कोंबड्या बघायच्या म्हंजी पशुसंवर्धनाची पाहनी. टपरीवाला बाबू दूध घेऊन आला तर ती भेट, आबा त्याला खुर्ची देत्यात, राज्यात पाऊसपानी कसं हाय इचारत्यात, आन् बाबू पन शाना, म्हनतो, "तुमच्या कृपेनं बरं हाय साहेब, जरा रस्त्याचं बघा." आबा म्हनत्यात, "मुख्यमंत्र्यांशी बोलतो."

फकस्त एक हाय. सांगितलेला कार्यक्रम ते इसरत न्हाईत. काय जेवले ते इसरतील, काकी गेल्या ते इसरतील, मधीच इचारत्यात "ही कुठे गेली?", मग मी सांगते माहेरी गेल्या, गावातच हाय माहेर. पन कार्यक्रम न्हाई इसरत. उपमा म्हनलं आन् पोहे केले तर, "बदल कुणी केला?" आन् येळ चुकवायची न्हाई. राज्यपाल उशिरा पोचला तर पोरंबाळं झेंडे घेऊन उनात उभी ऱ्हात्यात, आसं त्यांचं म्हननं.

आन् ते मला तुम्ही म्हनत्यात. "बाई, तुम्ही जेवलात का?" मला जन्मात कुनी तुमी म्हनलं न्हवतं. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, म्हनला, "मग आता मी पन म्हनू का, अहो सुवर्णाबाई?" नवरा माझा कांद्याच्या टेम्पोवर, घरी कमी आन् रस्त्यावर जास्त, म्हनून पोरीला मी कामावर आनते. ताईंनीच सांगितलं आन म्हनून. मला आधी लई भ्या वाटायचं. भिंतीवर सगळे मोठमोठ्या मानसांबरचे फोटो, काचंच्या कपाटात शाली, मानपत्रं, चांदीची तलवार, पोरीनं एखादं फोडलं तर मी काय भरून देनार. पन पोरगी माझी कशाला हात लावती, ती तर माझ्या मागंच लपायची. परक्या मानसापुढं ती त्वांडच उघडत न्हाई. कुनी नाव इचारलं का मुकी. आबांनी तिला बरेच दिवस रोज तेच इचारलं, "आपण कुठून आलात?" रोज इसरायचे आन् रोज नव्यानं, तेवढ्याच मायेनं इचारायचे. दुसरा कुनी आसता तर कट्टाळला आसता. आन् एक दिवस पोरगी म्हनली, "घलून." आबा म्हनले, "वा. लांबचा प्रवास झाला." तवापासून दोघांचं गूळपीठ.

आबांची कहानी मला तुकड्यातुकड्यानं कळली, नखं काढताना, पाय चोळताना. क्रमानं न्हाई. राज्यपालाचं सांगता सांगता मधीच जामखेडची खडी यायची.

त्यांचे आईवडील दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. हे पोरगं त्यांना पान्याची घागर पोचवायचं आन् जाता जाता शाळंच्या खिडकीत उभं ऱ्हायचं. एक दिवस गुर्जी भाईर आले, घागर खाली ठेवायला लावली आन् हात धरून आत नेलं. नाव इचारलं तर ह्यांना भ्यानं बोलताच यीना. पोरं हसायला लागली. गुर्जी रागावले न्हाईत. म्हनले, "मी तुला पयला शब्द देतो. म्हन, मी." आबा म्हनले, "मी." आन् मग पुढचं नाव आपसूक आलं म्हनं. जन्मतारीख कुनाला म्हाईत, तर गुर्जींनी एक जून लिहिली, सगळ्यांचीच लिहायचे. पुढं राजभवनात एक जूनला फुलांचे ढीग लागायचे, बँड वाजायचा, आन् आबा मनात म्हनायचे, गुर्जी, बघा तुमी काय करून ठेवलं.

कुलगुरू आसतानाचं एक सांगते. जेवायच्या येळेला आबा ताट घेऊन सैपाकघराच्या दारात उभे ऱ्हात्यात. मी म्हनायची, "आबा बसा, मी वाढते की." बसायचे न्हाईत. मला वाटलं म्हातारपनाचा चाळा. ताईंनी सांगितलं तवा कळलं. पोरांनी हॉस्टेलच्या जेवनावरून संप केला, ऑफिसला गराडा घातला, काचा फोडल्या. सगळे म्हनले पोलीस बोलवा. आबांनी बोलवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी जेवायच्या येळेला मेसमधी गेले, ताट उचललं आन् पोरांच्या रांगंत शेवटी जाऊन उभे. बोलले काईच न्हाईत. पानचट आमटी वाढली ती वरपली. रोज जायला लागले. मेसवाला आपोआप सुधारला, आन् पोरं म्हनायला लागली, सर तुमी पुढं या. ते म्हनायचे, "माझा नंबर येईल." आता माझ्याकडं पन तसेच उभे ऱ्हात्यात, आन् त्यांच्यामागं ईश्वरी, तिची इवली ताटली घेऊन. दोघांची रांग. मी पन मग नंबरानं वाढते.

आन् राज्यपाल म्हंजी काय, मी त्यांना सरळच इचारलं हुतं. मला वाटायचं राजाच. आबा लई हसले. म्हनले, "मोठ्या घरातला पाहुणा, बाई. घर आपलं नाही, नोकर आपले नाहीत, बोलायचंसुद्धा दुसऱ्यानं लिहिलेलं." मग म्हनले, "पण एक शब्द आपला असतो." मंत्र्याला शपथ देताना राज्यपाल फकस्त 'मी' म्हनतो. येवढाच शब्द. पुढचं नाव आन् पुढची शपथ ज्याची त्यानं घ्यायची. तिकडची भाषा येगळी, तर तिकडचा 'मी' आबांनी आरशापुढं घोकून पाठ केला. म्हनले, "मोठमोठी माणसं तिथं अडखळतात. मी थांबायचो. घाई करायची नाही. माझ्या गुरुजींनी केली नव्हती."

तिथनं परत येतानाचं पन सांगितलंय त्यांनी. लई डाव सांगत्यात. राज्यपाल दौऱ्यावर निघाला तर एक पेटी गाडीत जाती. निरोपाच्या दिवशी सगळ्या पेट्या जात्यात. सगळे नोकर पायऱ्यांवर वळीनं उभे, आबांनी एकेकाचा हात हातात घेतला, सैपाकी म्हातारा रडत हुता. मी इचारलं, "आबा, तुमी रडले का?" म्हनले, "पायऱ्यांवर राज्यपाल रडत नाही. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर रडलो."

आमच्याकडं येनारी मानसं पन एकेक. एक जन आला, पोराच्या लग्नाची पत्रिका छापायची, तिच्यात आशीर्वाद म्हनून आबांचं नाव पायजे. "आमदार हाय, सभापती हाय, कारखान्याचे संचालक हाय, फकस्त गव्हर्नर कमी पडत्यात," म्हनला. आबांनी इचारलं, "मुलीचं नाव काय?" त्याला व्हनाऱ्या सुनंचं नाव आठवंना. आबा म्हनले, "आधी तिचं नाव मोठ्या अक्षरात छापा. मग माझं लहानात घाला." आन् एक त्यांचा जुना इद्यार्थी हाय, राहुरीकडचा, आता त्याचेच केस पांढरे झालेत, तो वर्साला रुमालात आपल्या रानातली माती बांधून आनतो. आबा त्याला वळखत न्हाईत. माती मातर हातात घेत्यात, चोळत्यात, वास घेत्यात, आन् त्यांच्या तोंडावर जे येतं ना, ते बघून तो मानूस डोळे पुसत भाईर जातो.

आता ताईंचं सांगते, कारन पुढं त्येच्यावरच सगळं हाय. ताई वाईट न्हाईत. रोज दुपारी जेवनानंतर व्हिडिओ कॉल करत्यात, बापाचं त्वांड बघितल्याबिगर त्यांचा दिस जात न्हाई. त्यांनी मला एकच गोष्ट बजावून सांगितल्ती. "सुवर्णा, आबा हट्ट करून तिथं राहिलेत. माझं मन नाही. पण ज्या दिवशी ते एकटे घराबाहेर पडतील त्या दिवशी मला लगेच सांगायचं. मग मी ऐकणार नाही, इथे घेऊन येणार." पुन्यात एक जागा बघून ठेवलीय त्यांनी, अशाच मानसांची, डॉक्टर हाय, नर्स हाय. फ्लॅट त्यांचा आठव्या मजल्यावर, सगळे कामाला जानार, घरी ठेवनार कसं. चूक न्हाई त्यांचं. पन आबांना जमीन लागती. सकाळी अनवानी कर्दळीपाशी उभे ऱ्हायले न्हाईत तर त्यांना दिस उगवल्यासारखं वाटत न्हाई.

मग तो दिस, ह्याच आठवड्यातला सोमवार. ईश्वरी सकाळपासून रडत हुती. आळीतली पोरं अंगनवाडीत जात्यात, हिला पन जायचं, आन् गेलं का दारातनं माघारी पळती, कारन तिथल्या बाई नाव इचारत्यात आन् ही बोलत न्हाई. दोनदा परत आनली. मी आबांपुढं उभी राहून कार्यक्रम सांगत हुते आन् ही माझा पाय धरून भोकाड पसरून बसलेली, तवा तिला गप करायला म्हनून मी कार्यक्रमातच घातलं, "साहेब, अकराला ईश्वरीचं शाळंत नाव घालायचं." आबा म्हनले, "महत्त्वाचं काम आहे." पोरगी गप झाली. मग आंघोळ, नाष्टा ह्या गडबडीत मी बोललेलं इसरून पन गेले, आन् अकराच्या जरा आधी टाकीवाल्यानं हॉर्न वाजवला तशी मागं पळाले.

फाटकात उभी आसताना हे मला काईच आठवलं न्हाई. मी आधी घाटावर पळाले. पानी बरंच हुतं. धुनं धुनाऱ्या बायांना इचारलं, त्या म्हनल्या हिकडं कुनी न्हाई आलं. एकजन म्हनली, "तुझी पोरगी गं?" आन् तिनं पान्याकडं बघितलं, ते बघनं मला अजून झोपू देत न्हाई. तशीच माघारी वर पळाले. चप्पल कुठं पडली कळलं न्हाई. रोडच्या कडंला बाबूची टपरी.

"बाबूदादा, आबा बघितले का?"

"गव्हर्नर? गेले की आत्ताच. मी नमस्कार केला, त्यांनी पन केला."

"आन् आडवलं न्हाई तुमी?"

"वैनी, गव्हर्नरला कोन आडवनार? कोट घालून हुते. तुझी पोरगी बोट धरून पुढं चालत हुती. मला वाटलं तू मागनं येतीस."

"रोड कसा वलांडला?"

बाबू चहाचं भांडं खाली ठेवून म्हनला, "ते मी जन्मात इसरायचो न्हाई. कडंला उभे ऱ्हायले आन् हात वर केला, आसा. कांद्याचा ट्रक थांबला. त्येच्या मागचा थांबला. तिकडची एसटी थांबली. आबा सावकाश गेले, मधी उभे राहून ट्रकवाल्याकडं बघून मान हालवली, आन् ट्रकवाल्यानं येड्यासारखा सलाम ठोकला."

बाबूला हसू येत हुतं. मला रडायला येत हुतं. एक ट्रक थांबला नसता तर. एकाच ड्रायव्हरचा मोबाईल कानाला आसता तर. मी रोड कसा वलांडला ते मला म्हाईत न्हाई, पल्याड गेल्यावर शाळा दिसली आन् तवा डोक्यात परकाश पडला. अकराला नाव घालायचं.

अंगनवाडीच्या दारात मोठ्या शाळंच्या हेडबाई उभ्या हुत्या. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मी त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं.

आबा पोरांच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसले हुते, गुडघे छातीला आलेले, कोटाची बटनं गळ्यापतूर लावलेली. पुढं सगळी पोरं मांडी घालून. आबांनी एका पोराकडं हात केला आन् म्हनले, "मी." पोरगं म्हनलं, "मी सार्थक." आबांनी मान हालवली. दुसरं, "मी." "मी जोया." "मी." "मी आदी, आन् मला शू आली." आबा म्हनले, "मंजूर."

मग त्यांनी माझ्या पोरीकडं बघितलं. ती त्यांच्या खुर्चीला चिकटून उभी, तोंडात बोट. आबा म्हनले, "मी." पोरगी गप. अंगनवाडीच्या बाईंना घाई, त्या म्हनल्या, "सांग ना बाळा, ईश्वरी म्हण." आबांनी त्यांच्याकडं बघून हात वर केला, ट्रकवाल्याला केला तसाच. बाई थांबल्या. सगळी खोली थांबली. आबा नुसते बघत हुते पोरीकडं, जसा जगात दुसरा काई कार्यक्रमच न्हाई. मला वाटलं आता ही रडनार. आन् तिनं तोंडातलं बोट काढलं आन् म्हनली, "मी ईश्वली."

मी दारातच खाली बसले. हेडबाई म्हनल्या, "अगं, आल्या आल्या मला म्हणाले, या मुलीचं नाव घाला, जन्मतारीख एक जून. मी म्हटलं आबा, आता आधार कार्ड लागतं."

मी आत जाऊन पोरीला उचललं, इतकी आवळली का ती वरडली. आन् मग मला राग आला. भ्यायल्यावर येतो तसला. "आबा, न सांगता कसं काय आलात? मला सांगायचं न्हाई?"

आबा माझ्याकडं बघत ऱ्हायले. माझे अनवानी पाय बघितले, चिखल बघितला. म्हनले, "बाई, कार्यक्रम तुम्हीच दिलात. गाडी आली नाही. मुलीची वेळ चुकली असती."



हेडबाईंनी त्यांच्या गाडीतनं घरी सोडलं. आबांचे पाय धुतले, अनवानीच गेल्ते, पायाला खडे रुतले हुते ते काढले. तवा त्यांनी जामखेडची खडी सांगितली परत. जेवले रांगंत उभं राहून, त्यांच्यामागं ईश्वरी. आन् जेवन आटपतंय तवर मोबाईल वाजला. ताई.

मी मोबाईल आबांपुढं धरला. ताई म्हनल्या, "आबा, आज काय कार्यक्रम झाला?" रोज तेच इचारत्यात, आबा रोज काईतरी सांगत्यात, मंत्रिमंडळ आल्तं, परेड झाली, आन् ताई हसून बरं म्हनत्यात.

आबा म्हनले, "आज शाळेत गेलो होतो. या मुलीचं नाव घातलं. चालत गेलो. रस्त्यावर वाहनं बरीच होती, पण लोक चांगले आहेत, थांबले."

ताई हसल्या. "हो का? छान हं आबा. एडीसी होता ना बरोबर?"

"नव्हता. आम्ही दोघंच."

ताई अजून हसतच हुत्या, पन मग त्यांचं ध्यान ईश्वरीकडं गेलं, तिच्या हातावर तोंडावर खडूची पांढरी भुकटी. ताईंचं हसू हळूहळू गेलं. म्हनल्या, "सुवर्णा, हे मनाचं बोलतायत ना ते? नेहमीसारखं?"

आबांनी मोबाईलवरची नजर काढली आन् माझ्याकडं बघितलं. त्यांना काई कळलं का न्हाई मला म्हाईत न्हाई. ते नुसते थांबले हुते, पोरीसाठी थांबले हुते तसे. मला फकस्त म्हनायचं हुतं, व्हय ताई, मनचंच. येवढं म्हनलं आसतं तर सगळं हाय तसं ऱ्हायलं आसतं, आबा घरात, मी कामावर, पोरगी रांगंत. पन कितीतरी दिवसांनी त्या मानसानं जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं हुतं, आन् त्यांच्या तोंडावर मी त्याला भरम ठरवायचं. आन् तो ट्रक. तो पन माझ्या डोळ्यापुढनं हालंना.

मी म्हनलं, "न्हाई ताई. खरं हाय त्यांचं. गेल्ते."

ताई म्हनल्या, "कोणाला लागलं नाही ना?" मी म्हनलं न्हाई. त्यांच्या डोळ्यात पानी आलं, त्यांनी त्वांड बाजूला केलं. मग म्हनल्या, "रविवारी गाडी घेऊन येते. सगळे कपडे भरून ठेव. तुझा काही दोष नाही." आन् फोन ठेवला. आबा मला म्हनले, "बाई, अहवाल चांगला दिलात."

आज शुक्रवार. ईश्वरी शाळंत गेलीय, रोज जाती, आबा आन् मी मिळून सोडायला जातो, बाबू ट्रक थांबवायला उभा ऱ्हातो. सर उद्या हे कागद न्यायला येनार. तुमच्या हातात अंक यील तवर तो रविवार कवाच होऊन गेलेला आसंल. मी कपाटावरच्या पेट्या काढून पुसून ठेवल्यात, आबांनी बघू नये म्हनून खाटंखाली सारल्यात. पन रविवारी त्या गाडीत जानारच, सगळ्या. मी दौरा म्हनलं तर ते पेट्या मोजतील आन् माझ्याकडं बघतील, मी त्यांना आजपतूर खोटा कार्यक्रम सांगितलेला न्हाई. आन् निरोप म्हनलं तर पायऱ्यांवर वळीनं उभी ऱ्हायला मी एकटी, आन् एक साडेतीन वर्साची पोरगी.

रविवारी सकाळी ते कोट घालून बसतील. मी ओढनी नीट करून पुढं उभी ऱ्हाईन. ते मान वर करतील आन् थांबतील, घाई करनार न्हाईत. साहेब, आजचा कार्यक्रम, येवढं मी म्हनंन. त्येच्या पुढचं माझ्याजवळ न्हाई.

माझ्या जागी तुमी आसता तर काय सांगितलं आसतं?